खाऱ्या पाण्यातला शेजार

क्षेत्रफळाच्या मानाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरच्या, एकाही हद्दीला समुद्र शिवत नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि ती ओलांडून ठाणे जिल्हा पार केल्याखेरीज खाऱ्या वाऱ्याचा वास येत नाही. येथले पाणी मुळा-प्रवरेचे, सीनेचे, गोदावरी-भीमेचे, आणि या नद्यांनी जेथे हात आखडता घेतला तेथे विहिरींचे. तथापि पाण्याकडे केवळ गरज म्हणून न पाहता विलास म्हणून पाहण्याची रीत नगर शहराला जुनी आहे. निजामशाहीच्या अमदानीत खापरी नळांनी लांबून पाणी आणून ते शहरभर खेळविण्यात आले, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिलेला फराहबागेचा महाल तर चहूबाजूंनी तलाव ठेवूनच बांधण्यात आला. त्या विलासाचे आजचे, मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात सामावणारे रूप सावेडीच्या एखाद्या सदनिकेत आढळते: चार फूट लांबीची काचेची टाकी, वर निळसर दिवा, आत सच्छिद्र खडकांची रचना, आणि तीतून वावरणारे नारिंगी, जांभळे, पिवळे मासे, ज्यांचे मूळ गाव हिंदी किंवा प्रशांत महासागरातील एखादे प्रवाळद्वीप असते.

गोड्या पाण्यातले गप्पी आणि गोल्डफिश सांभाळून हात बसलेला हौशी गृहस्थ जेव्हा प्रथमच खाऱ्या पाण्याकडे वळतो, तेव्हा मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील दुकानांत त्याची नजर साहजिकच रंगांवर खिळते, आणि साड्यांच्या दुकानात करावी तशी निवड तो येथेही करतो: एक निळा, एक पिवळा, एक पट्ट्यांचा, आणि निळा फारच आवडला म्हणून त्याचा आणखी एक जोडीदार. पंधरा दिवसांत त्या दोन निळ्यांपैकी एकाचे पर फाटलेले दिसतात, तो खडकामागच्या कोपऱ्यातून बाहेर पडेनासा होतो, अन्नावरची वासना सोडतो आणि एके सकाळी तळाशी आडवा पडलेला आढळतो. गृहस्थ पाण्याची परीक्षा करतो; पाणी निर्दोष असते. दोष निवडीच्या त्या क्षणीच घडलेला असतो, कारण ज्या रंगाला भुलून त्याने दोन मासे घेतले तो रंग आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी निर्माण झालेलाच नव्हता.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी, ज्यांना पुढे 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले, प्रवाळांतील माशांचे वर्तन समुद्रात आणि काचेच्या टाकीतही बारकाईने न्याहाळले होते, आणि 1963 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आक्रमकवृत्तीवरील ग्रंथाचा आरंभच त्यांनी या माशांपासून केला. त्यांचे निरीक्षण असे की भडक, ठसठशीत, भिंतीवरच्या जाहिरातीसारख्या रंगांचे मासे बहुधा एका ठिकाणी ठाण मांडून राहणारे असतात, ते आपल्याच जातीच्या माशावर सर्वांत त्वेषाने तुटून पडतात, आणि परजातीच्या माशाकडे मात्र पुष्कळदा काणाडोळा करतात. उलट फिक्या रंगाचे मासे थव्याने, सलोख्याने नांदतात. यावरून त्यांनी असा तर्क बांधला की तो रंग म्हणजे कब्जेदाराचा जाहीरनामा होय. प्रवाळाच्या एका खडकावर जे एका जातीचे अन्न असते ते दुसऱ्या जातीचे असतेच असे नाही, म्हणून भिन्न व्यवसायाचा शेजारी चालतो. समव्यवसायी मात्र घरात घुसलेला चोर ठरतो. पुढील संशोधकांनी हा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. त्याच रंगांचा दुरून पाहता लपण्यासाठीही उपयोग होतो, आणि काही माशांच्या चेहऱ्यांवर आपल्या डोळ्यांना न दिसणारी, अतिनील प्रकाशातील नक्षी असते हेही आता ज्ञात झाले आहे. पण घरगुती टाकीपुरता लोरेन्झ यांचा शिरस्ता आजही बिनतोड ठरतो.

हा शिरस्ता समजावून घेण्यास नगर जिल्ह्यातील माणसाला परदेशी पंडिताची तशी आवश्यकता नाही. शेताचा बांध कोरल्यावरून भावाभावांत उभे राहणारे दावे, मोजणीचे अर्ज आणि वहिवाटीच्या तक्रारी त्याने लहानपणापासून पाहिलेल्या असतात, आणि बांधाला बांध लागून असलेल्या दोन कांदा पिकविणाऱ्यांत जितकी तेढ माजते तितकी कांदेवाला आणि कुंभार यांच्यात माजत नाही हेही तो जाणून असतो. समुद्रात हरलेल्या माशाला पळून जाण्यास मुलूख मोकळा असतो. टाकीत परागंदा होण्याची सोय नसल्यामुळे तेथला प्रत्येक हद्दीचा तंटा शेवटास जातो. तेव्हा पहिला नियम असा की एकाच जातीचे, आणि भिन्न जातीचे असले तरी एकाच घाटाचे आणि रंगाचे, दोन मासे एका टाकीत ठेवू नयेत, जोपर्यंत त्या जातीचे सहजीवन आपणांस निश्चित ठाऊक नाही.

या नियमाला सर्वांत प्रसिद्ध अपवाद क्लाऊनफिशचा आहे, ज्याला 2003 सालच्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटानंतर पोरासोरांत ‘निमो’ हेच नाव पडले. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे मिरविणारा हा मासा निसर्गात समुद्रफुलाच्या दंशकारी हातांमध्ये निर्धास्त राहतो, आणि त्याच्या घराण्याची राज्यपद्धती मोठी विलक्षण आहे. समूहात सर्वांत मोठी ती राणी, तिच्या खालोखाल आकाराचा तो तिचा एकमेव पती, आणि बाकीचे सारे वयात न आलेले उमेदवार. राणी मरण पावली की पती रडत बसत नाही. तोच मादी होतो, आणि उमेदवारांतला ज्येष्ठ नराच्या पदावर चढतो. जन्मतः प्रत्येक जण नरच होऊ शकणारा असल्यामुळे दुकानात नर-मादी ओळखण्याची खटपट व्यर्थ असते; एक मोठे आणि एक स्पष्टपणे लहान अशी दोन पिले घ्यावीत, म्हणजे मोठे मादी होते, लहान नर राहते आणि घर लागते. तिसरे घेण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांना समुद्रफूल लागतेच हाही एक प्रवाद आहे. समुद्रफूल सांभाळणे हे मासा सांभाळण्याहून कितीतरी कठीण असून, टाकीत वाढलेली जोडी एखादा खडक किंवा मातीचे उपडे भांडे घर मानून तेथेच अंडी घालते. त्या अंड्यांवर सुमारे आठवडाभर पहारा करण्याचे, परांनी वारा घालून त्यांना ताजे पाणी पुरविण्याचे काम बाप करतो.

क्लाऊनफिशचेच सगोत्र असलेले डॅमसेल मासे स्वस्त, काटक आणि नीलमण्यासारखे झळाळणारे असल्यामुळे नवशिक्याच्या गळ्यात हमखास मारले जातात. माझ्या मते खाऱ्या पाण्याच्या हौसेचा जितका विरस या बोटभर माशांनी केला आहे तितका कोणत्याही रोगाने केला नसेल, कारण टाकीत प्रथम शिरलेला डॅमसेल दोन दिवसांत सबंध टाकीच आपले वतन समजू लागतो आणि मागाहून येणाऱ्या प्रत्येकावर, तो दुप्पट मोठा असला तरी, तुटून पडतो. हिरवट क्रोमिस त्यांच्या मानाने शांत गणला जातो. पण त्याचाही सात जणांचा थवा हौसेने आणावा आणि सहा महिन्यांनी त्यातला एकच उरावा, असे पुष्कळदा घडते.

रंग कसा दगा देतो याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. कॅरिबियन समुद्रातला रॉयल ग्रामा हा चिमुकला मासा पुढच्या अर्ध्या अंगाने जांभळा आणि मागच्या अर्ध्या अंगाने पिवळा असतो. कपारीच्या छताला पोट लावून उलटा तरंगणारा, आपल्या बिळापुरते पाहणारा असा हा गुणी भाडेकरू. प्रशांत महासागरात रॉयल डॉटीबॅक नावाचा दुसरा मासा आहे; तोही तितकाच लहान, तोही पुढे जांभळा आणि मागे पिवळा. परंतु स्वभावाने तो असा खुनशी की लहान टाकीत शांत माशांचे जिणे नकोसे करून सोडावे. दुकानातील काचेआड दोघे सारखेच मोहक दिसतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी माशाचे शास्त्रीय नाव कागदावर उतरवून न्यावे आणि पिशवीत पडणारा मासा तोच आहे याची खातरजमा करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

दुसरी फसगत आकाराची. दुकानात रुपयाएवढा दिसणारा निळा सर्जनफिश, ज्याच्या शेपटीच्या मुळाशी खरोखरच शस्त्रवैद्याच्या सुरीसारखे पाते असते, पूर्ण वाढीनंतर फूटभर लांब होतो आणि दिवसभर येरझारा घालण्यास त्याला चार फुटांची टाकी कोठडीप्रमाणे भासते. सम्राट एंजलची कथा याहून चमत्कारिक आहे. त्याचे पिलू गर्द निळ्या अंगावर पांढऱ्या वर्तुळांचे, आणि प्रौढ मासा पिवळ्या तिरप्या रेघांचा, इतका निराळा की 1801 साली या पिलाचे वर्णन निकोबार बेटांच्या नावाने वेगळी जात म्हणून झाले होते. पिलाचा रंग भिन्न असल्यामुळे प्रौढ मासा त्याला प्रतिस्पर्धी न समजता आपल्या हद्दीत वावरू देतो, असे या भेदाचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हा मासा सवा फुटाच्या पुढे वाढतो. तो मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयातच पाहावा. लायनफिशविषयी एवढेच सांगणे पुरे की त्याच्या काट्यांत विष असते आणि त्याच्या तोंडात मावणारा प्रत्येक शेजारी हा त्याचा आहार असतो.

तिसरा वर्ग अशा माशांचा, जे कोणाशी भांडत नाहीत, कोणाला खात नाहीत, आणि तरीही मरतात, कारण त्यांना जे खावयास लागते ते आपण देऊ शकत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण असून, त्यात समुद्रातल्या व नद्यांतल्या माशांचे प्रकार आणि त्यांना आवडणारी आमिषे यांचा विचार केलेला आहे. त्याचा हेतू गळाने मासे पकडण्याचा होता. पण कोणता मासा काय खातो हे आधी विचारावे, ही त्याची दृष्टी आमच्या आजच्या पुष्कळ खरेदीदारांना लाभती तर बरे होते. मँडरिन मासा, ज्याच्या अंगावरची निळी-नारिंगी वेलबुट्टी पाहून पैठणीच्या कारागिरानेही थबकावे, दिवसभर खडकांवरचे केसराएवढे जिवंत जलकीटक टिपत असतो. नव्या टाकीतला तो साठा थोड्याच आठवड्यांत संपतो आणि मासा समोर पडलेले कोरडे खाद्य न ओळखता उपासमारीने झिजतो. फुलपाखरू माशांतील कित्येक जाती केवळ जिवंत प्रवाळाचे कोंभ खातात. मूरिश आयडॉल हा तर अनुभवी लोकांच्या हातूनही क्वचितच जगतो. इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी टिपून खाणारा क्लीनर रॅस हा टाकीचा वैद्य म्हणून विकला जातो, परंतु पाच-सहा रोगी असलेल्या गावात या वैद्याचा चरितार्थ चालत नाही. आणि चौकोनी अंगाचा, बाहुल्यासारखा दिसणारा बॉक्सफिश भेदरला किंवा मेला तर त्वचेतून असे विष सोडतो की त्याच्याबरोबर सारी टाकी जावी.

आता प्रवाळाचा प्रश्न. परदेशात छापलेली मार्गदर्शके अशी समजूत धरून चालतात की वाचकाच्या टाकीत जिवंत प्रवाळ असणारच, कारण तिकडे रोपवाटिकेत वाढविलेल्या प्रवाळांची छाटणी राजरोस विकली जाते. आपल्याकडे खडकरचना करणारे सर्व प्रवाळ आणि सर्व समुद्रघोडे 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून, समुद्रातून काढलेले त्यांचे नमुने विकणे, विकत घेणे किंवा बाळगणे हा गंभीर अपराध आहे. दुकानदार कानाशी लागून काहीही सांगो, जामीन आपल्यालाच द्यावा लागतो. तेव्हा येथील घरगुती टाकी म्हणजे कृत्रिम किंवा चिनीमातीच्या सच्छिद्र खडकांची आणि केवळ माशांची टाकी, असेच समजून चालावे. खरे प्रवाळ पाहण्याची ज्याला उत्कंठा आहे त्याने मालवणास जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात मुखवटा लावून डोकवावे. 1987 साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झालेले आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना समुद्राचे अंतरंग दाखविले, आणि घाटावरच्या कित्येक कुटुंबांनी खाऱ्या पाण्यातला रंगीत मासा आयुष्यात प्रथम पाहिला तो तेथेच.

मासे निवडण्यापूर्वी पाण्याची तजवीज झालेली असली पाहिजे, आणि नगरसारख्या ठिकाणी तीत काही खास अडचणी आहेत. येथील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. म्हणून आरओ यंत्रातून काढलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात तयार सागरी मीठ मिसळावे लागते. स्वयंपाकघरातले मीठ येथे निरुपयोगी, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी अन्य क्षारही असतात. 120 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर रुंद व उंच अशा 300 लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीस साडेदहा किलोंच्या घरात मीठ लागते. आरओ यंत्र शुद्ध पाण्याबरोबर पुष्कळ पाणी टाकूनही देते. ज्या जिल्ह्यात हिवरे बाजारसारखे गाव दरवर्षी आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडते, तेथे ते टाकाऊ पाणी धुण्याभांड्यांस वापरण्याची व्यवस्था न करणारा हौशी मनुष्य शोभत नाही. उन्हाळ्यात बाहेर पारा 40 अंशांच्या वर चढतो, आणि माशांना तर 25 ते 27 अंशांचेच पाणी हवे. शिवाय पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. म्हणून चिलर, आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा हवापंप, या दोन गोष्टी येथे चैनीत मोडत नाहीत. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, पण मीठ मागेच राहते. तेव्हा घट भरून काढताना साधे आरओ पाणी घालावे, खारे नव्हे.

याखेरीज नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू खडकांत व वाळूत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी माशांवाचून चालू ठेवण्याचा धीर फार थोड्यांना असतो, आणि पहिल्या माशांचा पहिला मृत्यू बहुतेक याच अधीरपणापायी ओढवतो.

माशांचे मूळ हाही निवडीतला मोठा मुद्दा आहे. फिलिपाइन्सच्या समुद्रात 1960 च्या दशकापासून सायनाइडचे पाणी कपारीत फवारून मासे गुंगवून पकडण्याची दुष्ट प्रथा पडली. असा मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि घरी आल्यावर अकारण मरतो. यावर उतारा एकच, संवर्धनगृहात जन्मलेला मासा घ्यावा. तो टाकीचे वातावरण आणि कोरडे खाद्य जन्मापासून ओळखतो, आणि त्याच्यासाठी कोणत्याही खडकाला हात लागलेला नसतो. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशचे प्रजनन यशस्वी केले आहे, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्त्रियांचे गट अशी पिले वाढवितात, आणि नवी मुंबईत ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने शोभिवंत सागरी माशांचे प्रजनन केंद्र उभे राहिले आहे. किनारा नसलेल्या जिल्ह्यातील हौसेला यापरता निर्मळ उगम मिळणे नाही.

मासे कल्याणहून माळशेज घाटमार्गे येवोत किंवा पुण्याहून, प्रवासात पिशवीतले पाणी माशाच्या उच्छ्वासाने किंचित आम्लधर्मी होते आणि त्यामुळे साचलेला अमोनिया तितकासा मारक राहत नाही. पिशवी उघडताच वायू उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, पण उघडल्यावर तासन्‌तास थेंबथेंब पाणी घालीत बसू नये. त्यानंतर तीन-चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत मुक्काम, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की तो काढण्यास वापरावे लागणारे तांबे कोळंबी, शंख अशा प्राण्यांचा प्राण घेते.

वर सांगितलेल्या 300 लिटरच्या टाकीसाठी मला कोणी मसलत विचारली तर मी प्रथम फायरफिशची शिफारस करीन. पांढऱ्या अंगाचा, शेपटीकडे ज्वालेसारखा लाल होत जाणारा हा भिडस्त मासा घाबरला की पाण्याबाहेर उडी घेतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच. त्याच्यासोबत पहारेकरी गोबी आणि पिस्तूल कोळंबी यांची जोडी: कोळंबीला नीट दिसत नाही, ती वाळूत बीळ खणते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते, गोबीने शेपटी फडकविली की दोघेही क्षणात आत. मग बांगाई कार्डिनलची सिद्ध जोडी, इंडोनेशियातील बांगाई द्वीपसमूहाखेरीज मूळचा कोठेच न आढळणारा हा रुपेरी-काळा मासा, ज्यातला नर अंडी तोंडात धरून दोन-तीन आठवडे उपाशी राहतो. त्यानंतर एक रॉयल ग्रामा, नंतर क्लाऊनफिशची जोडी, आणि अगदी शेवटी, दोन-तीन महिन्यांनी, एकच बुटका एंजल. क्रम असा की भिडस्ताने आधी घर धरावे आणि दांडग्याने उपरा म्हणून यावे. दर वेळी नवा मासा सोडण्यापूर्वी खडकांची मांडणी थोडी बदलली तर जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सर्वांनाच नव्याने मोजणी करावी लागते. आठ मासे आणि एक कोळंबी; दुकानदाराला ही यादी अपुरी वाटेल, पण तिच्यात भर घालू नये.

एवढे करूनही एखादा मासा शेजाऱ्यांशी न जुळणारा निघालाच तर त्याचे काय करावे, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराशी ठरवून घ्यावे, आणि तो परत घेण्यास तयार नसेल तर दुसरा दुकानदार पाहावा. नको झालेला मासा जवळच्या पाण्यात सोडण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती खाऱ्या पाण्याच्या माशाला मुळा धरणात तासाभरात मारील, आणि किनाऱ्यावरच्या गावात तर सबंध समुद्राला नडेल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1985 साली पहिल्यांदा आढळलेला, हौशी लोकांनी सोडून दिलेल्यांचा वंशज मानला जाणारा लायनफिश आज सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरलेला आहे. गोड्या पाण्यातले उदाहरण हवे असेल त्याने कर्जत तालुक्याच्या दक्षिण कडेला, उजनीच्या फुगवट्यावर जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना सकर माशाविषयी विचारावे. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा हा काटेरी, विदेशी मासा आता त्यांच्या जाळ्यांत अडकून ती फाडतो, आणि बाजारात त्याला कोणी हात लावीत नाही.